खोटा ग्लास

सुट्टीत माणसं समुद्र बघतात, डोंगर बघतात, अगदीच नाही तर दुकानं बघतात. ही चौघं बिअरच्या टाक्या बघत फिरत होती. बेत दाजींचा, गाडी दाजींची आणि गाडीतली बर्फासारखी गार हवासुद्धा दाजींच्याच मर्जीची, त्यामुळे तक्रारीची सोय नव्हती. मागच्या सीटवर नाकोबाची बायको शाल गुंडाळून बसली होती आणि तिचा सगळा जीव शेजारच्या नवऱ्याच्या नाकात अडकला होता.

नाकोबा हे नाव दाजींनीच ठेवलेलं. दाजी म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघं मिळून भागीत एक लहानसं ब्रूपब चालवत होते. पुढची टेबलं, स्वयंपाकघर आणि गिऱ्हाईक दाजींकडे; मागे काचेपलीकडच्या चार टाक्या नाकोबाकडे. बिअर तिथेच शिजायची, तिथेच मुरायची आणि तिथेच ग्लासात पडायची. टाकीत काही बिनसलं असेल तर हा माणूस दारातून आत येता येताच थबकायचा आणि कुठल्या टाकीत ते बोट दाखवून सांगायचा. दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत, की हा सगळा पसारा आमच्या मेव्हण्याच्या नाकावर उभा आहे.

आणि ते नाक गेलं होतं. मागच्या वर्षी त्याला कडकडून ताप आला, आणि उतरताना वास सोबत घेऊन गेला. कॉफी नाही, साबण नाही, उतू जाऊन करपलेलं दूध नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. जिभेला कडू, गोड, आंबट, खारट एवढं कळत होतं. पण बिअरचं बाकी सगळं नाकातच असतं, आणि तिथे शुकशुकाट होता.

दाजींना सांगायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर निभावलंही असतं. पण नाकोबा भागीदार व्हायच्या आधी तिथे एक ब्रुअर, म्हणजे बिअर शिजवणारा, होता. त्याची एक टाकी नासली, त्याने ती तशीच गिऱ्हाइकांना पाजली आणि कुणाला कळू दिलं नाही. दाजींनी त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं. नासली म्हणून नव्हे, लपवली म्हणून. "चुकलं तर मी सांभाळून घेईन, लपवलं तर नाही," हे त्यांचं वाक्य नाकोबाने इतक्यांदा ऐकलं होतं, की उद्या सांगू, परवा सांगू करता करता आता सांगण्यासारख्या दोन गोष्टी होऊन बसल्या होत्या. नाक गेलं ही एक, आणि ते लपवलं ही दुसरी. दुसरी जास्त वाईट होती.

तोवर नाकाचं काम बायको करत होती. सकाळी पब उघडायच्या आधी ती मदतीच्या नावाने जायची. तो टाकीच्या नळाखाली ग्लास धरायचा, ती हुंगायची आणि सांगायची. सुरुवातीला तिला एवढंच म्हणता यायचं, की बरं वाटतंय किंवा कसंतरीच वाटतंय. मग तो विचारायचा, कसंतरी म्हणजे कसं? आंबलेल्या कणकेसारखं, की बंद कपाटासारखं? वर्षभरात ती अशी तयार झाली, की हॉप्सची कडवट फुलं कधी घालायची, टाकी अजून किती दिवस तशीच राहू द्यायची, हे तिच्या नाकाने आणि त्याच्या हातांनी ठरू लागलं. तिला बिअर आवडत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

या सहलीसाठी त्यांनी एक युक्ती ठरवली होती. ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची गोल चकती तिने सरळ ठेवली तर बिअर चांगली, उलटी ठेवली तर काहीतरी खोट आहे. शिवाय ती ताईंशी, म्हणजे नणंदेशी, मुद्दाम बावळटपणे बोलायची. पहिल्या पबमध्ये ती म्हणाली, की ताई, मला तर याला पिकलेल्या केळ्याचा वास येतोय, माझंच काहीतरी चुकत असेल. त्यावर नाकोबाने गंभीर चेहऱ्याने मान हलवली आणि गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास यीस्टमुळे कसा येतो यावर असं व्याख्यान झोडलं, की तिथला ब्रुअर स्वतः येऊन शेजारी बसला. दाजींची छाती फुगली.

दुसऱ्या पबमध्ये जीव जाता जाता वाचला. ती हात धुवायला गेली आणि परत आली तर टेबलावर नवे ग्लास आलेले. दाजी नवऱ्याकडे वाकून विचारत होते, की यात नक्की कशाचा वास आहे ते त्यांना लागत नाहीये. नवऱ्याने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाला, फार गार आहे, वास अजून उघडला नाही, थांबा जरा. तोवर ती खुर्चीत येऊन बसली. तिने ग्लास उचलला, संत्र्याबद्दल काहीतरी पुटपुटली आणि वेळ निभावली. पण दाजी क्षणभर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

तिसऱ्या पबमध्ये मालकाने हौसेने सगळं दाखवलं. उकळत्या कढईची खोली, मग गोठवणारी साठवणीची खोली, मग पुन्हा कढई, मग पुन्हा साठवण. वर दाजींच्या गाडीतली हवा होतीच. शेवटच्या दिवशी सकाळी ती उठली ती दोन्ही नाकपुड्या चोंदूनच.

हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत पाणी उकळून तिने टॉवेलाखाली वाफ घेतली. किटली पुन्हा भरली, पुन्हा घेतली. डोळे लाल झाले, नाक जागचं हललं नाही. नवरा पलंगाच्या कडेला बसून बघत होता. एका घरात दोन माणसं आणि वासाला एकही नाक नाही, या गोष्टीवर एरवी दोघं पोट धरून हसली असती.

त्या दिवशी हसणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवशी उस्तादांकडे जायचं होतं. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली नाकोबा शिकला ते म्हातारे ब्रुअर. आणि उस्तादांची एक खोड होती. जुना शागीर्द भेटायला आला की ते सहा ग्लासांचा ट्रे मांडत. पाच चांगले, एक मुद्दाम नासवलेला. शागिर्दाने काही बोलायचं नाही, फक्त तो खोटा ग्लास शोधून त्यावर चकती झाकायची. नाकोबाने पहिल्या खेपेला ट्रे टेबलावर टेकायच्या आतच चकती झाकली होती. हा किस्सा दाजींनी या सहलीत इतक्या वेळा सांगितला होता, की ताईंनी कानात कापूस घालायची धमकी दिली होती.

"आज सांगून टाक," ती टॉवेलाने तोंड पुसत म्हणाली. "गाडीत बसायच्या आधी. मी असते बरोबर."

"उस्तादांच्या दारात जायच्या आधी? दाजींच्या मनातून उतरायचं आणि मग तसंच तोंड घेऊन त्यांच्यासमोर बसायचं?" तो म्हणाला. "एवढा एक दिवस जाऊ दे. घरी गेल्यावर सांगतो. शप्पथ."

घरी गेल्यावर सांगतो हे तिने वर्षभर ऐकलं होतं. तिला त्याचा राग आला, आणि त्याच्या खांद्यांकडे बघून तो राग ओसरलाही. नासलेली बिअर जिभेलाही थोडी कळतेच, असं त्याने तिला समजावलं. आंबट लागेल, नाहीतर मिळमिळीत लागेल. डोळ्यांनाही कळेल. तू रंग बघ, फेस बघ. तिने मान हलवली. दुसरं करण्यासारखं काय होतं?

खाली दाजी डिकी उघडून उभे होते. त्यांचा बर्फाचा डबा पहिल्या दिवसापासून गाडीत होता आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते. काय आहे विचारलं की माझा खाऊ आहे म्हणत. आज मात्र त्यांनी तो पुढच्या सीटवर ताईंच्या मांडीवर ठेवला आणि वाटभर शीळ घातली.

उस्तादांचं ब्रूपब म्हणजे पूर्वीची लोहाराची कर्मशाळा. उंच छत, काळवंडलेल्या विटा, कोपऱ्यात तांब्याची पोटुशी कढई आणि खिडकीजवळ एक लांब लाकडी टेबल. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. उस्तादांनी शागिर्दाला मिठी मारली, पाठीवर दोन धपाटे घातले आणि नाक शाबूत आहे ना, असं विचारलं. नाकोबा हसला. कसा हसला ते फक्त बायकोने पाहिलं.

दाजी डबा घेऊन उस्तादांबरोबर आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आत त्यांची कुजबुज आणि हसणं चाललं होतं. ताईंनी कंटाळून जांभई दिली. शेवटी उस्ताद ट्रे घेऊन आले आणि मागून दाजी, चोरून लाडू खाल्लेल्या पोरासारखा चेहरा करून.

सहा ग्लास. ट्रेच्या लाकडावर खडूने एक ते सहा आकडे. उस्ताद समोर बसले आणि त्यांनी हाताची घडी घातली. दाजींनी खुर्ची पुढे ओढली.

नाकोबाने पहिला ग्लास उचलला, नाकाखाली फिरवला आणि घोट घेतला. दुसरा, मग तिसरा. घाई नाही, चेहऱ्यावर रेष नाही. फक्त टेबलाखाली त्याने तिच्या पावलावर आपलं पाऊल टेकवून ठेवलं होतं. आजवर एवढा वेळ त्याला कधी लागला नव्हता, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. दाजींचं हसू हळूहळू मावळत गेलं.

चौथ्या ग्लासाशी तो थांबला. त्याने पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर ठेवला. मग पाचवा, सहावा, आणि परत चौथा. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ग्लास हातात घेऊन हुंगून पाहिला, पण तिच्या नाकाला पाण्यात आणि त्यात फरक लागेना. मग तिने डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्या पाचांवर फेसाची जाड साय होती. याच्यावर कडेपुरती एक पांढरी रेघ उरली होती. बुडबुडेही जवळजवळ नव्हते. हाच असणार. तिने आपल्या समोरची चकती उचलली आणि उलटी ठेवली.

नाकोबाने चौथ्या ग्लासावर चकती झाकली.

ती शाबासकीची वाट बघत होती. उस्तादांनी दाजींकडे पाहिलं, दाजींनी उस्तादांकडे. मग उस्तादांनी चकती काढली, ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि एक घोट घेतला.

"यात काय खोट आहे?" त्यांनी विचारलं.

इथे तो अजूनही थांबू शकला असता. पण वर्षभराची सवय झाली होती, आणि सवयीने उत्तर तयारच होतं.

"जुनी झालीय," नाकोबा म्हणाला. "ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. ज्याने बनवली त्याने हवा लागू दिली असणार."

दाजींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आवाज चढवला नाही, उलट तो इतका खाली आला की ताई पुढे वाकल्या.

"तुझी आहे ती," ते म्हणाले. "आपल्या दोन नंबरच्या टाकीतली. मी बाटलीत भरून डब्यातून आणली. आज खोटा ग्लास ठेवू नका म्हटलं उस्तादांना, त्याच्या जागी ही ठेवा. सगळ्या चांगल्या आहेत बघून तू हसशील, आणि तुझी तू ओळखशील. म्हटलं मजा येईल."

बिचाऱ्यांनी गुपित राखायच्या नादात आतल्या खोलीत बाटली फार आधी उघडून ग्लास भरून ठेवला होता. गॅस निघून गेला, फेस बसला, एवढंच झालं होतं. सहाच्या सहा ग्लास चांगले होते. आणि जी बिअर त्या दोघांनी रोज सकाळी टाकीशी उभं राहून, एकाच्या हातांनी आणि दुसरीच्या नाकाने घडवली होती, तिलाच त्या दोघांनी एकमेकांना खूण करून नासकी ठरवली होती. तिला वाटलं, आपल्याच लेकराला गर्दीत बघून हे आमचं नव्हे म्हणावं, तसं हे झालं. तिला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"फेस गेलाय," उस्ताद सावकाश म्हणाले. "वास लख्ख आहे. या सहांत मला हीच आवडली. तू मला दारातून सांगायचास रे. काय झालं तुला?"

नाकोबाने ग्लास दोन्ही हातांत धरला होता. तो वर न बघता म्हणाला, "माझं नाक गेलं, उस्ताद. त्या तापात गेलं. मला कसलाच वास येत नाही."

"वर्ष होत आलं त्या तापाला," दाजी म्हणाले.

"हो."

"मग ही कुणी बनवली?"

"हात माझे. नाक हिचं."

आता सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण आधी शिंक आली, मग दुसरी. ती रुमालात तोंड खुपसून म्हणाली, की आज तिला सर्दी आहे. एरवी अशा वेळी कुणीतरी हसलं असतं. दाजी उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि दार उघडून बाहेर गेले.

खिडकीतून ते दिसत होते. गाडीजवळ उभे, पाठ इकडे, दोन्ही हात टपावर. आता गाडी सुरू करून निघून जातील, असं तिला वाटत होतं. त्यांनी त्या जुन्या ब्रुअरला काढलं तेव्हाही असेच पाठ करून उभे होते.

ताई भावाकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. या वर्षभरातही दर रविवारी तू माझ्याकडे जेवायला यायचास, त्या म्हणाल्या, दारातूनच म्हणायचास ताई काय वास सुटलाय. मी मुद्दाम तुझ्यासाठी फोडणी उशिरा घालायचे, तू दाराशी यायच्या बेतात असताना. नाकोबाने बहिणीचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी लगेच दिला नाही. मग दिला.

उस्तादांनी तेवढ्यात उठून पाणी आणलं, कुणी न मागता. आपल्यालाही हल्ली डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि आपण ते अजून मुलाला सांगितलेलं नाही, असं ते टेबलाकडे बघून म्हणाले.

दार वाजलं. दाजी आत आले. ते आपल्या जागेवर बसले नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि नाकोबाच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी ठेवली.

"लपवलंस ते मी विसरणार नाही," ते म्हणाले. "नाक गेलं म्हणून सांगितलं असतंस तर मी तुला दहा डॉक्टरांकडे फिरवलं असतं. तू मला परका केलास."

"चुकलं माझं," नाकोबा म्हणाला.

"चुकलंच."

तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता. तीही बघत होती. घरी गेल्यावर किल्ल्या देऊन टाक, एवढंच उरलं होतं. दाजींनी हात लांब करून चौथा ग्लास त्याच्या हातांतून काढून घेतला. त्यांना बिअर विकता येत होती, बिअरबद्दल बोलता कधीच येत नव्हतं. त्यांनी ग्लासात जवळजवळ नाक बुडवलं आणि डोळे मिटले.

"भाजलेल्या पावाची कड असते ना," ते अडखळत म्हणाले, "तसं काहीतरी आहे. करपलेली नाही. छान खरपूस. आणि मागून संत्र्याची साल. साल सोलताना उडतं ते."

नाकोबा ऐकत होता. वर्षभर तो बायकोकडून हे चोरून, दबक्या आवाजात ऐकत आला होता. उजेडात, चार माणसांत, कुणीतरी त्याला त्याच्याच बिअरचा वास सांगतंय असं पहिल्यांदाच होत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही.

"साल जास्त झालीय का?" त्याने विचारलं.

दाजींनी पुन्हा हुंगलं, प्रामाणिकपणे विचार केला, आणि हात टेकले.

"मला एवढं नाही कळत," ते म्हणाले. मग ग्लास त्याच्यापुढे ठेवून ते पलीकडे वळले. "वहिनी, सर्दी कधी जाणार तुमची?"